परक्याची नोंद

मराठीत बाहेरून आलेल्या माणसासाठी शब्दांची वाण नाही. परका, उपरा, परदेशी, पाहुणा, आगंतुक, आश्रित, रहिवासी असे कितीतरी शब्द आपल्यापाशी आहेत, आणि त्यांतला प्रत्येक शब्द त्या माणसाला आपल्या उंबरठ्यापासून वेगवेगळ्या अंतरावर उभा करतो. पाहुण्याला पाट मांडायचा असतो. उपऱ्याला ओसरीवरच थोपवायचे असते. शब्द ठरला की वागणूकही ठरते. आधुनिक राज्यसंस्था हीच निवड नोंदवहीच्या साहाय्याने करते. कोणाचे नाव कोणत्या वहीत लिहायचे, त्यापुढे कोणता क्रमांक घालायचा आणि त्या क्रमांकाच्या बदल्यात त्याच्याकडून काय मागायचे, हे एकदा निश्चित झाले की त्या माणसाचे राज्याशी असलेले नातेही निश्चित होते.

परदेशी रहिवाशाला राष्ट्रीय ओळख क्रमांक मिळणे ही आज निव्वळ कार्यालयीन बाब वाटते. जपानचे उदाहरण घेऊ. तीन महिन्यांहून अधिक मुदतीचा निवास-परवाना घेऊन जो तेथे जातो, त्याने राहण्याचे ठिकाण ठरल्यापासून चौदा दिवसांच्या आत स्थानिक पालिका कार्यालयात पत्ता नोंदवायचा असतो. त्याच्या नावे ‘जूमिन्ह्यो’, म्हणजे रहिवासी-पत्र, तयार होते. त्यावरून बारा आकडी क्रमांक सिद्ध होतो आणि तो टपालाने घरी येतो. शेजारच्या जपानी गृहस्थालाही असाच बारा आकडी क्रमांक मिळालेला असतो. दोन्ही क्रमांक शेजारी ठेवले तर देशी कोणता आणि परदेशी कोणता, हे आकड्यांवरून कोणालाही सांगता येणार नाही.

ही समानता वरकरणी अगदी स्वाभाविक दिसते. पण ती फार अलीकडची आहे. तिच्या मागे निदान सहा दशकांचा कलह आहे. त्यात तुरुंगाची भीती आहे, न्यायालये आहेत आणि एक सीलही आहे. या इतिहासाचा येथे विचार करण्याचे कारण एवढेच की, परक्या माणसाला क्रमांक देताना राज्यसंस्था त्याला नेमके काय विचारत असते, हे या एका उदाहरणात फार स्पष्टपणे उमटले आहे.

१

आरंभ आकड्यांपासून नव्हे, ठशांपासून करावा लागतो. आणि त्या ठशांचा उगम आपल्याला अपरिचित नाही. १८५८ साली बंगालमधील जंगीपूर येथे विल्यम हर्शेल या इंग्रज अधिकाऱ्याने राज्यधर कोनाई नावाच्या कंत्राटदाराकडून करारावर सहीच्या जोडीला संपूर्ण पंजाचा ठसा घेतला. नंतर करार नाकारला जाऊ नये, हा त्यामागचा हेतू. पुढे टोकियोच्या त्सुकिजी भागात रुग्णालय चालवणारा हेन्री फॉल्ड्स हा स्कॉटिश डॉक्टर प्राचीन मडक्यांवर उमटलेले बोटांचे ठसे पाहून याच विषयाकडे वळला. १८८० साली ‘नेचर’ या नियतकालिकात त्याचे पत्र प्रसिद्ध झाले आणि पुढच्याच महिन्यात हर्शेलने त्याच नियतकालिकातून आपला अनुभव मांडला. मान कोणाचा, यावर दोघांत दीर्घकाळ वाद झाला. आपल्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट ही की, ठशावरून माणूस ओळखण्याची आधुनिक कल्पना जपान आणि बंगाल या दोन ठिकाणी पाश्चात्त्य माणसांच्या मनात रुजली आणि दोन्ही ठिकाणी ठसे घेणाऱ्याला समोरचा माणूस ‘वेगळा’ वाटत होता. १८९७ मध्ये हिंदुस्थान सरकारने ही पद्धत गुन्हेगारांच्या ओळखीसाठी स्वीकारली. तिचे वर्गीकरण एडवर्ड हेन्रीच्या नावाने ओळखले जाते. ते प्रत्यक्षात घडवण्यात अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस यांचा मोठा वाटा होता.

गुन्हेगारासाठी सिद्ध झालेले हे साधन परक्यावर वापरले जायला वेळ लागला नाही. दक्षिण आफ्रिकेतील ट्रान्सवालमध्ये आशियाई रहिवाशांना ठसे देऊन नोंदणी-पत्र घ्यायला लावणारा कायदा आला. ११ सप्टेंबर १९०६ रोजी जोहान्सबर्गच्या एम्पायर नाट्यगृहात भारतीयांची सभा भरली आणि सत्याग्रहाची बीजे तेथे पेरली गेली. १६ ऑगस्ट १९०८ रोजी त्याच शहरातील हमीदिया मशिदीसमोर नोंदणी-पत्रांची होळी झाली. मधल्या काळात तडजोड म्हणून गांधीजींनी स्वेच्छेने ठसे दिले होते आणि त्यापायी संतप्त झालेल्या आपल्याच माणसांकडून मारही खाल्ला होता. त्यांचा झगडा शाईशी नव्हता, सक्तीशी होता. हा भेद लक्षात ठेवायला हवा, कारण सात दशकांनंतर जपानमध्ये हाच प्रश्न पुन्हा उभा राहिला.

२

१९१० मध्ये जपानने कोरिया गिळंकृत केला आणि कोरियन माणूस जपानी सम्राटाचा प्रजाजन झाला. १९४० पासून त्याला जपानी धाटणीचे नाव धारण करायला लावले गेले. खाणींत, कारखान्यांत, बंदरांवर राबण्यासाठी लाखो कोरियन माणसे जपानच्या बेटांवर आली, काही पोटासाठी, काही सक्तीने. १९४५ साली युद्ध संपले तेव्हा त्यांची संख्या वीस लाखांच्या घरात होती. बहुतेक परतले, सुमारे सहा लाख राहिले. त्यांची घरे, मुले, व्यवसाय आता येथेच होते, आणि मायदेशाचे दोन तुकडे होऊ घातले होते.

या माणसांचे काय करायचे? २ मे १९४७ रोजी परदेशी व्यक्तींच्या नोंदणीचा राजादेश निघाला. दुसऱ्याच दिवशी, ३ मे रोजी, जपानची नवी राज्यघटना अमलात आली. समतेचे वचन देणाऱ्या घटनेच्या आदल्या दिवशी, जुन्या राजवटीच्या अगदी शेवटच्या आदेशाने, कोरियन आणि तैवानी लोकांना ‘तूर्त परदेशी समजावे’ असे ठरले. कायद्याच्या दृष्टीने ते अजून जपानी प्रजाजनच होते. नोंदीपुरते परके झाले. राष्ट्रीयत्वाच्या रकान्यात ‘चोसेन’ हा शब्द लिहिला गेला. या नावाचे राज्य तेव्हा पृथ्वीच्या पाठीवर नव्हते.

उरलेला धागा १९५२ साली तुटला. २८ एप्रिल रोजी सॅन फ्रान्सिस्कोचा शांतता-तह अमलात येऊन जपान स्वतंत्र झाला. त्याच दिवशी कोरियन आणि तैवानी लोकांचे जपानी राष्ट्रीयत्व संपले आणि परदेशी नोंदणी कायदाही लागू झाला. कोण जपानी आणि कोण नाही, हे कशावरून ठरले? जन्मस्थळावरून नाही, भाषेवरून नाही, वास्तव्यावरूनही नाही. ते ‘कोसेकी’वरून, म्हणजे कुळाच्या नोंदवहीवरून, ठरले. साम्राज्याच्या काळातही कोरियन कुळांची वही वेगळी ठेवलेली होती. त्या वहीत ज्याचे नाव तो परका. कोरियन पुरुषाशी विवाह करून त्याच्या वहीत नाव गेलेल्या जपानी स्त्रियाही एका दिवसात परदेशी ठरल्या. सासरच्या वहीने माहेरचा देश हिरावून घेतला.

नव्या कायद्यानुसार प्रत्येक परदेशी रहिवाशाला नोंदणी क्रमांक आणि प्रमाणपत्र मिळाले. ते सदैव जवळ बाळगायचे, पोलिसाने विचारताच दाखवायचे. १९५५ पासून चौदा वर्षांवरील प्रत्येकाला डाव्या तर्जनीचा ठसा देणे भाग पडले, आणि तेही एकदाच नाही, दर नूतनीकरणाला. नकार दिल्यास तुरुंगवास किंवा दंड. जपानी नागरिकाला तेव्हा असा कोणताही क्रमांक नव्हता. क्रमांक ही परक्याची खूण होती. ज्याला तो नाही, तो आपला. आणि क्रमांक असूनही हक्क नव्हते: १९५९ च्या राष्ट्रीय निवृत्तिवेतन कायद्याने परदेशी रहिवाशांना वगळले ते १९८२ पर्यंत वगळलेलेच राहिले. राज्याला हा माणूस कोठे आहे, हे ठाऊक हवे होते. म्हातारपणी तो काय खाईल, हे त्याने विचारले नाही.

३

येथे जन्मलेल्या, जपानीतच स्वप्ने पाहणाऱ्या पिढ्यांना ‘झाइनिची’ म्हणतात. या शब्दाचा अर्थ एवढाच: ‘जपानमध्ये असलेला’. तिसरी-चौथी पिढी झाली तरी शब्दातले तात्पुरतेपण जात नाही. साहित्याच्या विद्यार्थ्याला त्यातले वैचित्र्य लगेच जाणवेल, कारण भाषेने या माणसांना केव्हाच आपले म्हटले होते. १९७१ च्या उत्तरार्धासाठीचा अकुतागावा पुरस्कार ली होएसोंग (जपानी उच्चारात री काइसेइ) या लेखकाला मिळाला; तो मिळवणारा हा पहिला झाइनिची कोरियन. म्हणजे ज्या माणसाचे गद्य जपानी साहित्याच्या सर्वोच्च पंक्तीत बसले, त्याला पालिकेच्या कचेरीत मात्र बोट शाईत बुडवावे लागत होते. भाषेच्या वहीत नाव आणि राज्याच्या वहीत क्रमांक, अशी ही दुहेरी नोंद होती.

नावाचा प्रश्न तर क्रमांकाहून जिव्हारी लागणारा. भेदभाव चुकवण्यासाठी बहुसंख्य झाइनिची ‘त्सूमेइ’, म्हणजे जपानी व्यवहारनाम, वापरत. नोंदणी-पत्रावर दोन्ही नावे असत. एक जगासाठी, एक पोलिसासाठी. शिवाय चिनी चित्राक्षरांत लिहिलेले कोरियन नाव जपानी पद्धतीने वाचले की माणूसच बदलतो. चोए छांग-ह्वा या ख्रिस्ती धर्मोपदेशकाचे नाव एनएचके या प्रसारणसंस्थेने बातमीत ‘साइ शोका’ असे वाचले. १९७५ मध्ये त्यांनी दावा लावला आणि भरपाई मागितली ती फक्त एका येनची. १९८८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दावा फेटाळला, पण फेटाळताना मान्य केले की आपले नाव अचूक उच्चारले जावे यात माणसाचे कायद्याने जपण्याजोगे हित आहे. आम्हांला हा एक येन फार मोलाचा वाटतो. क्रमांकाचा उच्चार कोणी चुकवत नाही. नावाचा चुकवता येतो. म्हणूनच प्रतिष्ठेची लढाई नावापाशी सुरू होते.

ठशांविरुद्धची लढाई एका माणसापासून सुरू झाली. १० सप्टेंबर १९८० रोजी हान जोंग-सॉक या कोरियन गृहस्थाने टोकियोच्या शिंजुकु विभाग कार्यालयात ठसा देण्यास नकार दिला. आपल्या मुलांवर, नातवंडांवर ही वेळ येऊ नये, एवढेच त्याचे म्हणणे. या कृतीला पुढे ‘एका माणसाचे बंड’ म्हटले गेले, पण ते एकट्याचे राहिले नाही. १९८५ हे सामूहिक नूतनीकरणाचे वर्ष होते. त्या वर्षी हजारोंनी नकार दिला. इतर देशांचे रहिवासीही त्यांना येऊन मिळाले आणि अनेक नगरपालिकांनी नकार देणाऱ्यांविरुद्ध पोलिसांत तक्रार करणे टाळले.

किंमत मोजावी लागलीच. चोए छांग-ह्वा यांची मुलगी चोए सन-ए ही पियानोवादक. तिनेही ठसा नाकारला. शिकण्यासाठी अमेरिकेला जायचे तर पुनःप्रवेशाचा परवाना हवा, आणि नकार देणाऱ्याला तो मिळत नसे. १९८६ मध्ये ती परवान्यावाचून गेली आणि ज्या देशात जन्मली तेथील कायम निवासाचा हक्क गमावून बसली. तो तिला परत मिळायला २००० साल उजाडले.

सरकार पायरीपायरीने मागे आले. १९८७ च्या दुरुस्तीने ठसा एकदाच पुरेसा झाला. १९८९ मध्ये सम्राट हिरोहितो यांच्या निधनानिमित्त सार्वत्रिक माफी जाहीर झाली आणि प्रलंबित खटले संपले. त्यावर काही आरोपी नाराज झाले, कारण त्यांना निवाडा हवा होता, क्षमा नको होती. १९९३ पासून कायम निवास असलेल्यांची ठशांतून सुटका झाली आणि एप्रिल २००० पासून सर्वच परदेशी रहिवाशांची.

४

आता इतिहासाने केलेली एक थट्टा पाहावी. ठसे पूर्णतः रद्द करणारी दुरुस्ती जपानी संसदेने ऑगस्ट १९९९ मध्ये संमत केली. त्याच महिन्यात त्याच संसदेने आणखी एक कायदा केला: प्रत्येक जपानी नागरिकाला अकरा आकडी संकेतांक देऊन सर्व रहिवासी-पत्रे संगणकाच्या जाळ्यात गुंफणारा. परक्याच्या बोटावरची शाई पुसली जात असतानाच देशवासीयाच्या पाठीवर आकडा चिकटला. ‘पाठीवर’ हा आमचा अलंकार नाही. विरोधकांनी या योजनेला ‘सेबान्गो’ म्हटले. बेसबॉलच्या खेळाडूच्या पाठीवरील क्रमांकासाठी हा शब्द आहे. ऑगस्ट २००२ मध्ये जाळे सुरू झाले तेव्हा फुकुशिमा प्रांतातील यामात्सुरी या छोट्या गावाने त्यात सामील होण्यास साफ नकार दिला. माणसाला आकडा करू नका, असे जपानी नागरिक कळवळून सांगू लागला. अर्धशतकभर क्रमांक बाळगणारा शेजारी ते ऐकत होता.

आणि या नव्या वहीत परदेशी रहिवासी मात्र नव्हता! जूमिन्ह्यो हे जपानी नागरिकांचेच पत्र होते. परदेशी पुरुषाशी लग्न केलेल्या जपानी स्त्रीचे जूमिन्ह्यो काढले तर त्यात ती आणि मुले दिसत, नवरा दिसत नसे. फार तर शेऱ्याच्या रकान्यात ‘वस्तुतः कुटुंबप्रमुख’ अशी त्याची बोळवण होई. कर तो भरत होता, कचरा वेगळा करून ठेवत होता, मुलांना शाळेत पोहोचवत होता. पण तो ‘रहिवासी’ नव्हता.

२००२ च्या ऑगस्टमध्ये टोकियोजवळच्या तामा नदीत एक सील वाट चुकून आले. लोकांनी लाडाने त्याचे नाव तामा-चान ठेवले. पुढे ते योकोहामाच्या पाण्यात आले आणि फेब्रुवारी २००३ मध्ये तेथील निशी विभागाने त्याला ‘निशी तामाओ’ या नावाने मानद जूमिन्ह्यो बहाल केले. परदेशी रहिवाशांचा एक गट चेहऱ्यावर मिशा रंगवून तेथे जमला: आम्हांलाही द्या! त्याच वर्षी साइतामा प्रांतातील निइझा शहराने चित्रकथेतील ‘आतोम’ या यंत्रमानवालाही जूमिन्ह्यो दिले. कार्यालयाच्या दृष्टीने हा निरुपद्रवी विनोद होता, पण त्यातून कायद्याचे व्यंग उघडे पडले. जलचर रहिवासी होऊ शकत होता, कागदावरचा यंत्रमानव होऊ शकत होता, तीन पिढ्या त्या गल्लीत राहिलेला माणूस होऊ शकत नव्हता.

५

९ जुलै २०१२ रोजी परदेशी नोंदणीची जुनी व्यवस्था संपली आणि परदेशी रहिवाशांची नावे जूमिन्ह्योत आली. २०१३ मध्ये ते संगणकीय जाळ्यात आले. ऑक्टोबर २०१५ पासून ‘माय नंबर’ म्हणून ओळखला जाणारा बारा आकडी क्रमांक सर्व रहिवाशांना, देशी-परदेशी असा भेद न करता, पाठवण्यात आला. नवरा आता बायकोच्या पत्रावर दिसू लागला. क्रमांकाचा प्रश्नही बदलला. १९५२ चा क्रमांक विचारत होता, ‘तू कोठे आहेस?’ २०१५ चा क्रमांक निदान असेही विचारतो की, तुझा कर किती, विमा कोणता, निवृत्तिवेतन कोणते.

पण एवढ्यावर समाधान मानणे भोळेपणाचे होईल. नोव्हेंबर २००७ पासून जपानमध्ये प्रवेश करणाऱ्या सोळा वर्षांवरील परदेशी व्यक्तींचे ठसे सरहद्दीवर पुन्हा घेतले जाऊ लागले. जुन्या कोरियन-तैवानी रहिवाशांना, त्यांनी लढून मिळवलेल्या दर्जामुळे, त्यातून वगळले आहे. परदेशी रहिवाशाला क्रमांकाखेरीज स्वतंत्र निवास-कार्ड सतत जवळ बाळगावेच लागते. ‘माय नंबर’चे कार्डही दिसायला सारखे, पण प्रौढ जपानी नागरिकाचे दहा वर्षे चालते, तर बहुतेक परदेशी रहिवाशांचे निवास-परवान्याबरोबर संपते. आकडे सारखे, मुदत वेगळी. २०२४ मध्ये ही दोन्ही कार्डे इच्छेनुसार एकत्र करण्याची तरतूद संसदेने संमत केली. सोयीची आणि पाळतीची कार्डे एक झाली तर त्यातला कोणता हेतू वरचढ ठरेल, हे काळच दाखवील.

आणि क्रमांकाने मत मिळत नाही. २०२४ च्या अखेरीस जपानमध्ये ३७ लाखांहून अधिक परदेशी रहिवासी होते. राष्ट्रीय निवडणुकीत त्यांतल्या कोणालाही मतदान करता येत नाही. टोकियोच्या एदोगावा विभागात, जेथे भारतीयांची मोठी वस्ती आहे, तेथे एप्रिल २०१९ मध्ये योगेंद्र पुराणिक हे मराठी गृहस्थ विभाग-सभेवर निवडून आले. आपल्याला त्याचे कौतुक वाटणे साहजिकच आहे. मात्र त्यासाठी त्यांना आधी जपानी नागरिकत्व घ्यावे लागले होते. म्हणजे नोंदीची वही बदलली, तरी वहीवर सही करणारा हात तोच राहिला. त्या हातापर्यंत पोहोचायचे तर परक्याने परका राहून चालत नाही.

६

हा इतिहास परदेशातला म्हणून आपण निवांत वाचावा, असा नाही. १९५२ या वर्षाकडे पुन्हा पाहू. जपानमध्ये परदेशी नोंदणीचा कायदा आला त्याच वर्षी, ३१ ऑगस्ट रोजी, आपल्याकडे गुन्हेगार जमाती कायदा रद्द झाला. १८७१ मध्ये सुरू झालेल्या आणि १९११ मध्ये अधिक कडक झालेल्या या कायद्याने संपूर्ण जमातींची नोंद केली, त्यांच्यावर हजेरी लादली, ठसे घेतले. सोलापूरच्या सेटलमेंटच्या तारा अजून लोकांच्या आठवणीत आहेत. ही माणसे परदेशी नव्हती. लक्ष्मण माने यांनी १९८० साली आपल्या आत्मकथनाला ‘उपरा’ हे नाव दिले तेव्हा मराठी वाचकाला कळले की, परका होण्यासाठी सरहद्द ओलांडावी लागतेच असे नाही. नोंदवहीतला रकाना पुरतो.

आज आपल्या हातात बारा आकड्यांचा ‘आधार’ आहे. त्याचा पहिला क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या आदिवासी गावात दिला गेला. २०१६ चा आधार कायदा ‘नागरिक’ हा शब्द निकष म्हणून वापरत नाही. तो ‘रहिवासी’ म्हणतो, आणि अर्जापूर्वीच्या बारा महिन्यांत १८२ दिवस किंवा अधिक येथे राहिलेला परदेशी माणूसही त्यात येतो. हा क्रमांक नागरिकत्वाचा पुरावा नाही, असे तोच कायदा सांगतो. म्हणजे शब्दाच्या निवडीपुरता आपला कायदा उदार आहे. ज्या शब्दासाठी योकोहामात माणसांना मिशा रंगवाव्या लागल्या, तो आपल्याकडे पहिल्याच पानावर आहे.

पण शब्द उदार असला तरी ठसा आपल्याकडेही आहेच, दहाही बोटांचा. आणि शेतात-बांधावर राबून ज्यांच्या बोटांच्या रेषा झिजल्या, त्यांना रेशनच्या दुकानातल्या यंत्रापुढे आपण आपणच असल्याचे सिद्ध करावे लागते. हर्शेलने कोनाईचा पंजा घेतला तो शब्द फिरवू नये म्हणून. दीडशे वर्षांनंतर यंत्र त्याच संशयाने बोट मागते. संशयित मात्र आता परका राहिलेला नाही, कोणीही चालतो.

हान जोंग-सॉक किंवा चोए सन-ए यांनी नोंदीला नकार दिला नव्हता. नाव, पत्ता, छायाचित्र, सही हे सर्व द्यायला ते तयार होते. नोंद करा, पण संशयिताची करू नका, रहिवाशाची करा, एवढीच त्यांची मागणी होती. ती मान्य व्हायला बत्तीस वर्षे लागली. ‘रहिवासी’ हा शब्द कायद्याच्या मसुद्यात लिहायला एक ओळ पुरते. तो खरा करायला काय लागते, याची मोजदाद या लोकांच्या आयुष्यांतून करता येते.